‘मॅडम, माझा स्वभावच असा झालाय का?’

‘मी अशी नव्हते हो. हल्ली कुणी साधं हाक मारली तरी अंगावर धावून जाते. माझा स्वभावच असा झालाय का?’ मी समुपदेशन करते. हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, जास्त करून तिशी-चाळिशीतल्या बायकांकडून. बहुतेक वेळा खोदून विचारलं की उत्तर घरातल्या कामात, पैशात, अपुऱ्या झोपेत सापडतं. पण काही जणींच्या बाबतीत ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत असतं, आणि तिकडे पाहायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. शुभांगीची गोष्ट म्हणून सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

शुभांगी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. वय छत्तीस, मुलगा सहावीत. वेळ तिच्या नवऱ्याने फोन करून घेतली होती. ‘चिडचिड फार वाढलीय. परवा पोराला मारलं. रात्रभर जागी असते. डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्यात, पण फरक नाही.’

ती आली तेव्हा मार्गशीर्षातली थंडी होती. मी शाल घेऊन बसले होते आणि ती पदराने मान पुसत होती. ‘पंखा लावला तर चालेल?’ हे तिचं पहिलं वाक्य. बोलणं भरभर, एक वाक्य अर्धं टाकून दुसरं सुरू. नोटा मोजताना हात थरथरतो, म्हणून ती हल्ली दहा नोटाही मशीनमध्ये घालत होती. समोरचा ग्राहक हाताकडे बघतो, मग आणखी घाम फुटतो. ऐकायला हे सगळं चिंतेच्या आजारासारखंच वाटतं, आणि नुसतं ऐकत राहिलं तर तीच पाटी लागते.

एका फिजिशियन मित्रांनी मला एक साधी गोष्ट दाखवून ठेवली आहे. मी शुभांगीला दोन्ही हात समोर ताठ धरायला, बोटं पसरायला सांगितलं आणि त्यांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड सारखी बारीक थरथरत होती. मग तिचा हात हातात घेतला. घाबरलेल्या माणसाचा तळहात बहुधा ओला आणि गार असतो. हिचा ओला होता, पण चांगलाच गरम.

मग मी मनाचं बाजूला ठेवून शरीराचं विचारलं. जेवण? पूर्वी दोन भाकरी, आता चार खाऊनही तासाभरात भूक. वजन? ‘बांगड्या कोपरापर्यंत चढतात. ऑफिसात सगळ्या विचारतात, कोणतं डाएट करतेस म्हणून.’ दिवसातून तीन-चारदा पोट साफ होत होतं, पाळी नुसती डाग दाखवून जात होती. खाली जेवायला बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागत होता, कारण मांड्यांत बळ नव्हतं. नवऱ्याने एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: रात्री ती जरा वेळ झोपलेली असली तरी तिची छाती धडधडत असते, त्याला शेजारी कळतं. नुसत्या चिंतेत गाढ झोप लागली की नाडी साधारण खाली येते. थायरॉइड जादा चालत असेल तर झोपेतही ती पळत राहते.

निदान करणं माझं काम नव्हे. मी हे सगळं एका कागदावर लिहून तिला फिजिशियनकडे पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट आला: टीएसएच मोजता येणार नाही इतका खाली, टी-थ्री आणि टी-फोर ही थायरॉइडची हार्मोन्स दोन्ही चढलेली. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम. रक्तात हार्मोन आधीच उतू जात असेल तर पिट्युटरी हुकूम देणंच थांबवते, म्हणून आकडा खाली. पुढे अँटिबॉडीची तपासणी आली आणि ‘ग्रेव्ह्ज डिसीज’ हे नाव पक्कं झालं. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला चेतवत राहते.

ज्यांचं नाव या आजाराला आहे ते डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 साली काही रुग्ण स्त्रियांचं वर्णन छापलं. त्यात एक वीस वर्षांची तरुणी होती आणि तिचा त्रास आधी हिस्टेरियाचा समजला गेला होता. आपल्याकडे आता तो शब्द मागे पडला, ‘टेन्शन’ आलं. एवढाच काय तो फरक, असं मला कधी कधी रागाने वाटतं.

अँटिबॉडीची तपासणी महत्त्वाची, कारण नुसत्या लक्षणांवरून हाच आजार आहे असं म्हणता येत नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊन साठलेलं हार्मोन बाहेर पडतं तेव्हाही लक्षणं हीच दिसतात, पण तो प्रकार बहुधा आपोआप ओसरतो आणि त्याला ग्रेव्ह्जच्या गोळ्या लागत नाहीत. वयस्कर माणसांत तर चित्र उलटंही असतं. ती चिडत नाहीत, नुसती मलूल होतात, वाळत जातात, नाडी अनियमित होते, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

थायरॉइड निघालं कळताच घरात सल्ले सुरू झाले. नणंदेला थायरॉइडचा त्रास होताच. तिने मायेने स्वतःची बाटली पुढे केली, ‘माझ्याच गोळ्या घे, सकाळी उपाशीपोटी.’ नणंदेची थायरॉइड कमी चालते, म्हणून ती हार्मोनच गोळीतून घेते. शुभांगीच्या अंगात ते आधीच दुप्पट होतं. ती बाटली शुभांगीने मला दाखवली म्हणून बरं. कुणी मीठ बंद करायला सांगितलं. स्वयंपाकातलं नेहमीचं आयोडिनयुक्त मीठ सोडायची गरज नसते. टाळायच्या त्या जादा आयोडिनच्या आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या. केस गळतात म्हणून ती बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होती, आणि हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं होतं. बायोटिनमुळे काही लॅबमध्ये थायरॉइडचे आकडे खोटे येतात, टीएसएच कमी आणि टी-फोर जास्त, अगदी याच आजारासारखे. डॉक्टरांनी ते बंद करायला लावून काही दिवसांनी रक्त पुन्हा घेतलं. आकडे तसेच आले.

उपचार सुरू झाले: कार्बिमाझोल, आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. दुसरी गोळी देण्याआधी डॉक्टरांनी दमा आहे का, हे विचारून घेतलं. दम्याच्या रुग्णाला ती सहसा देत नाहीत. थरथर चार-सहा दिवसांत उतरली, पण चिडचिड नाही. शुभांगी खचली. ‘म्हणजे राग माझाच होता.’ मी तिला सांगितलं की कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं थांबवतं. नळ बंद केला तरी टाकीतलं पाणी संपेपर्यंत वाहतच राहणार, त्याला तीन ते सहा आठवडे लागतात. टीएसएच तर टी-फोर ताळ्यावर आल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिनेही खालीच राहतो, त्यामुळे तेवढाच आकडा बघून हातपाय गाळू नयेत.

डॉक्टरांनी तिला एक गोष्ट लिहून दिली होती, ती मी फ्रिजवर चिकटवायला लावली: ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर ही गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी करायची, डॉक्टरांना फोन करायचा. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसायची ही वेळ नव्हे. दिवस राहण्याचा विचार असेल तर तेही आधीच सांगावं लागतं, कारण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत हे औषध बदलून देतात.

मुलाचं मात्र मला वेगळं सांगायला हवं. तो एकदा तिला म्हणाला होता, ‘आई, तू नुसती बसलीस तरी रागावल्यासारखी का बघतेस?’ ग्रेव्ह्जमध्ये वरची पापणी मागे ओढली जाते, डोळे वटारल्यासारखे दिसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, त्रास सौम्य होता. (घरात कुणाला हा आजार असेल आणि तो माणूस सिगारेट ओढत असेल, तर ती सोडायचं याहून मोठं कारण नाही. डोळ्यांचा त्रास धूम्रपानाने वाढतो.) पण पोराच्या मनात आईचा राग आणि आईचे डोळे एक झाले होते. शुभांगीने मला सरळ विचारलं, ‘त्याला मारलं ते हार्मोनने की मी?’ मी म्हटलं, ‘जीव थाऱ्यावर नव्हता हे खरं. पण हात तुमचा होता, माफी तुम्हीच मागायची.’ तिने त्याला जवळ बसवून सांगितलं की आईच्या गळ्यातली एक ग्रंथी बिघडली होती, त्यामुळे आई लगेच भडकायची, तुझं काही चुकलं नव्हतं. तो म्हणाला, ‘मग आता मी मोठ्याने टीव्ही लावू?’

दोन-तीन महिन्यांत वजन वाढायला लागलं. तिला हे वजन जड गेलं. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, बारीक होतीस तेव्हा छान दिसायचीस. तिने गुपचूप आठवडाभर गोळ्या सोडल्या. असं बऱ्याच जणी करतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. ते ‘छान दिसणं’ स्नायू आणि हाडं झिजवून येत होतं आणि हृदयाला धोका देऊन, हे डॉक्टरांनी सांगितलं. मी तिला पाटावरून उठून दाखवायला सांगितलं. हात न टेकता उठली.

आणि मग घरात एक नवाच प्रकार सुरू झाला. ती काही बोलली की नवरा म्हणे, ‘गोळी घेतलीस का आज?’ सासूबाईही म्हणत, ‘जाऊ दे, तिचं थायरॉइड बोलतंय.’ आजार समजून घेण्याच्या नावाखाली तिचं म्हणणंच मोडीत काढलं जात होतं. मी तिला वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करायला सांगितले: त्रास सुरू झाला त्या गेल्या गणपतीच्या आधीही खुपत होतं ते डावीकडे, नंतर खुपायला लागलं ते उजवीकडे. उजवीकडे कुकरच्या शिट्ट्या, पोराचं मचमच खाणं, फाटकाची करकर, रांगेतला माणूस असलं काय काय आलं. डावीकडे मोजून तीन ओळी. पहिली: ‘माझ्या पगारातून भाऊजींच्या ट्रॅक्टरचा हप्ता जातो. मला कुणी विचारलं नव्हतं.’

पुढच्या महिन्यांत टी-फोर उतरत गेला तशी उजवीकडची एकेक ओळ तिने स्वतःच खोडली. डावीकडची एकही खोडली गेली नाही. आता तोच हप्ता ती आवाज न चढवता काढायची, आणि त्यामुळे नवऱ्याची पंचाईत झाली. एका बैठकीत तो मला म्हणाला, ‘मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल आला. तरी ही ट्रॅक्टरचं सोडत नाही.’

गोळ्या साधारण वर्ष-दीड वर्ष चालतील असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या थांबवल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्णांत आजार पुन्हा डोकं वर काढतो, हेही त्यांनी लपवलं नाही. तसं झालंच तर रेडिओआयोडिन (किरणोत्सारी आयोडिन देऊन ग्रंथीचं काम कमी करणं) किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हा रेडिओआयोडिनचा उपचार कित्येक दशकं देत आलंय. त्यानंतर बहुतेकांची थायरॉइड कमी चालू लागते आणि नणंदेसारखी रोज एक गोळी कायमची घ्यावी लागते. शुभांगीला त्याचं भय उरलेलं नाही. ती म्हणते, गोळी घेईन, पण गोळीच्या नावाने गप्प बसणार नाही.

या हंगामाच्या ऊसबिलातून दिरांनी दोन हप्ते भरले. बाकीच्यांचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या वेळी येताना ती त्यांनाही घेऊन येणार आहे.