फ्रेमबफरचं 'वर्णन' की 'नोंद'?

सोलापुरातल्या एक शिक्षिका लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे यंत्रात कोणतं हार्डवेअर कुठे आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या यादीवर, मराठी टिपणं लिहीत आहेत. त्यांचं वाक्य आहे : 'चौकट-रोधक स्मृतीचे वर्णन करून ती आरक्षित करावी.' मुलांना अर्थ लागत नाही, शब्द कुठे चुकले, असं त्या विचारतात.

मॅडम, 'चौकट-रोधक' आधी काढून टाका. ही मेमरी कशालाच रोधत नाही. पडद्यावर दिसणारं चित्र बिंदू-बिंदूने इथे मांडलेलं असतं आणि डिस्प्ले कंट्रोलर ते सेकंदाला साधारण ६० वेळा वाचतो. फ्रेमबफर हाच शब्द राहू द्या, मुलं तोच बोलतात.

खरी अडचण 'वर्णन'ची आहे. वर्णन सूर्यास्ताचं करतात. जमिनीची नोंद होते. आमची शेती मोहोळ तालुक्यात आहे, त्यामुळे मला इथे सातबाराच आठवतो. गट कुठला, क्षेत्र किती, वापर कशासाठी. डिव्हाइस ट्रीतही तेच लिहायचं असतं : मेमरीचा पत्ता, आकार, चित्राची रुंदी-उंची, रंगांची मांडणी. नोंद करायची राहून गेली, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती जागा मोकळी समजून दुसऱ्या कामाला देऊन टाकतो आणि पडद्यावर कचरा दिसू लागतो. म्हणून 'राखीव' म्हणा. 'आरक्षित' म्हटलं की रेल्वेचं तिकीट डोळ्यांपुढे येतं. राखीव म्हणजे गायरानासारखी आधीपासून बाजूला काढलेली जागा.

नोंदीत स्ट्राइडही लिहायचा असतो, त्यासाठी तर आपल्याकडे 'ढांग' आहेच. एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंत जितके बाइट, तेवढी ढांग. समजा पडदा १३६६ बिंदू रुंद आहे आणि बिंदूला ४ बाइट लागतात. ओळ ५४६४ बाइटची झाली. हार्डवेअरला ६४ च्या पटीत ओळ हवी असेल, तर ढांग ५५०४ होते. वरचे ४० बाइट म्हणजे पोटखराब : क्षेत्रात धरलेले, पण पेरणी नाही. नोंदीत ५५०४ ऐवजी ५४६४ पडलं, तर प्रत्येक ओळ १० बिंदूंनी सरकत जाते आणि सरळ उभी रेघ तिरपी दिसते. वर्गात हे एकदा मुद्दाम करून दाखवा, 'ढांग' पुन्हा सांगावी लागणार नाही.

वाक्य असं करता येईल : 'फ्रेमबफरची नोंद करताना पत्ता, आकार, रुंदी, उंची, ढांग आणि रंगांची मांडणी लिहा आणि ती मेमरी राखीव दाखवा.'