तेल खाली आहे हे खोदण्याआधी कसं कळतं?

दोन-तीन किलोमीटर खोल असलेलं तेल, वायू किंवा खनिज वरून कसं दिसतं, असं तुम्ही विचारलं आहे. मी तेलशोधाच्या सिस्मिक सर्व्हेत, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खालचे थर पाहण्याच्या पाहणीत, काम केलं आहे, म्हणून आधी हेच सांगतो की तेल दिसत नाही. तेल अडकून राहू शकेल अशी जागा आम्ही शोधतो. तिथे ते खरंच आहे का, हे विहीर खोदल्यावरच ठरतं.

जमिनीखाली तेलाची तळी नसतात. वाळूच्या खडकाच्या किंवा चुनखडीच्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं. पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर वर सरकतं आणि शेलसारखा (चिकणमातीच्या खडकाचा) घट्ट थर आडवा आला की थांबतं. थर पालथ्या वाटीसारखे वाकलेले असतील, तर त्या वाटीच्या पोटात साठतं.

ही वाटी सापडते आवाजाच्या लहरींनी. शेतांमधून सरळ रेषेत जिओफोन रोवत जातात. मुठीत मावणारं यंत्र, खाली लोखंडी खिळा. जमिनीचा जरासा थरथराट झाला तरी त्याचा विजेचा संकेत होतो. मग शॉट होलमध्ये, म्हणजे त्यासाठी पाडलेल्या भोकात, थोडी स्फोटकं उडवतात, किंवा व्हायब्रेटर ट्रक जमीन हलवतात. शॉटच्या आधी सगळी धावपळ शांततेसाठी असते. ट्रॅक्टर थांबवायचा, शेतकऱ्याला विनंती करून मोटार बंद करायला लावायची. खालच्या थरांवर आपटून परत येणारी लहर इतकी क्षीण असते की जवळून गुरं गेली तरी नोंदीत उमटतात. लहरीला जाऊन-येऊन २ सेकंद लागले आणि खडकातला तिचा वेग सेकंदाला ३,००० मीटर असला, तर तो थर ३ किलोमीटर खोल. खरी मेख वेगातच आहे. तो अंदाज ५ टक्के चुकला की खोली दीडशे मीटरने चुकते.

समुद्रात स्फोटकांच्या जागी दाबलेली हवा सोडणारी एअरगन येते आणि जिओफोनच्या जागी जहाजामागे ओढलेल्या केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातल्या लहरी टिपणारी यंत्रं. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा उंचवटा साठच्या दशकात भारत आणि सोव्हिएत संघाच्या संयुक्त सिस्मिक सर्व्हेत लक्षात आला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, वर साधारण ७५ मीटर पाणी. पण तेल लागलं ते फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगने खोदल्यावर. उत्पादन मे १९७६ मध्ये सुरू झालं. आकार दिसणं आणि तेल लागणं यांत इतकी वर्षं गेली, हे मला फार बोलकं वाटतं.

वायू असला तर कधी कधी नोंदीत जास्त ठळक परावर्तन दिसतं, कारण वायू भरलेल्या खडकात लहर मंदावते. त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. छिद्रांतल्या पाण्यात थोडासाच वायू असला तरी जवळपास तेवढीच ठळक रेघ उमटते, आणि अशी विहीर धंद्याच्या दृष्टीने फुकट जाते.

खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर दगडाचे तुकडे वर येतात. मड लॉगर, म्हणजे हे तुकडे तपासणारा माणूस, ते धुऊन अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असेल तर तुकडे पिवळसर, सोनेरी चमकतात. पुढे विहिरीत उपकरणं सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात; छिद्रांत खारं पाणी असेल तर तो कमी येतो, तेल-वायू असेल तर जास्त.

खनिजांचं तंत्र निराळं. मॅग्नेटाइट चुंबकीय क्षेत्र बदलतं, तांब्याची सल्फाइड खनिजं वीज वाहून नेतात, जड खनिजाच्या साठ्यावर गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं. विमानातूनही या नोंदी घेतात. शेवटी कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढून प्रयोगशाळेत तपासावाच लागतो.

मग महाराष्ट्राच्या जमिनीखाली काय आहे? राज्याच्या बऱ्याच भागावर दख्खनचा बेसॉल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला खडक) आहे, आणि आमच्या लहरी त्याच्या थरांमध्ये विखुरतात. त्याखालचं धड काही दिसत नाही. म्हणून इथे मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत वापरतात: पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय बदलांवरून खालचा खडक वीज किती वाहतो ते मोजायचं. बेसॉल्टच्या तुलनेत गाळाचा खडक वीज चांगली वाहतो, त्यामुळे तो असला तर वेगळा ओळखू येतो. कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विवर घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. तेल जिथे तयार होतं तो गाळाचा जाड थर तिथे मधे नव्हताच.