पट अकरावर आलाय, पोरीला काढू का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुळशीतलं छोटं गाव, झेडपीची सातवीपर्यंतची शाळा, सहावी-सातवी मिळून अकरा पोरं, एकाच खोलीत जोडवर्ग, आणि शेजारच्यांनी दोन्ही पोरं काढून व्हॅनवाल्या इंग्लिश मीडियमला घातली म्हणून तुमच्याही मनात चलबिचल. मुलगी सहावीत.

पट कमी म्हणजे शिकवणं वाईट असं डोक्यात घेऊ नका हो. पट घटतो, मग संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जातं, मग लोक म्हणतात शिक्षकच नाही आणि आणखी दोन पोरं काढतात, असं ते चक्र आहे. त्यामुळे किती पोरं आहेत यापेक्षा गणित-विज्ञानाला पदवीधर शिक्षक आहे का आणि तो वर्गावर किती दिवस असतो, का सारखा निवडणुकीच्या नाहीतर सर्व्हेच्या कामाला, हे आधी बघा.

आज रात्री जेवण झालं की मुलीला वही घेऊन बसवा. ३/४ मोठा का २/३, आणि का, एवढंच विचारा. भाकरी काढून दाखवली तरी चालेल. मग विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचून तिच्या भाषेत सांगू दे. गेल्या वर्षी माझ्याकडे कोथरूडचा सातवीतला मुलगा आला होता, इंग्लिश फाडफाड, पण २/३ मोठा म्हणाला, कारण काय तर "तीन लहान आहे ना चारपेक्षा". फी विचारायचं धाडस मला झालं नाही.

तिला हे जमलं तर सातवीपर्यंत तिथेच राहू द्या. नाही जमलं तर सरांना भेटा, आणि पद रिकामं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, समितीत ७५ टक्के पालकच असतात, तुम्हीच आहात ते.

आठवीला मात्र अनुदानित हायस्कूलच बघा. कारण एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, पास होऊन यादीत आली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट अशी की घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के, आणि शाळा सरकारी, झेडपीची किंवा अनुदानित. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला टाकलंत की हा दरवाजा बंद, वर तुम्ही लिहिलेली ३८ हजार फी आणि व्हॅनचे वेगळे. शेजारच्यांना हे कुणी सांगितलंय असं वाटत नाही.

आणि येण्याजाण्याचं म्हणाल तर पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत, फक्त शाळेच्या वेळेला गाडी येते का ते आधी स्टँडवर विचारा, तिथेच सगळं अडतं.

भाकरीचं काय झालं ते कळवा, मग पुढचं बोलू.