दत्तक मुलाने पैसे चोरले. हे रक्तातच असेल का?

"खाण तशी माती, असं सासूबाई म्हणतात. मला पटत नाही हो, पण रात्री तेच डोक्यात फिरत राहतं." अकरा वर्षांच्या मुलाची आई समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे बोलून गेली. शेजारी बसलेले वडील गप्प होते. मूल तान्हं असताना दत्तक घेतलेलं, जन्मदात्यांची माहिती जवळजवळ शून्य. काही महिन्यांपासून पर्समधले पैसे कमी होऊ लागले होते, आणि विचारलं की मुलगा डोळ्याला डोळा देऊन "मी नाही घेतले" म्हणायचा. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.)

वडिलांनी शेवटी तोंड उघडलं ते असं: "गुन्हेगारीचं जनुक असतं म्हणे. त्याची तपासणी करता येते का?"

दत्तक पालकांकडून ही धास्ती मी वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकते. अशी कुठलीही तपासणी नाही. पण "जनुकांचा काही संबंध नसतो, निर्धास्त राहा" असंही मी सांगत नाही. ते खरं नाही, आणि खोटा दिलासा पुढच्या चोरीपर्यंतच टिकतो.

जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा सोस जुना आहे. इटलीच्या चेझारे लोम्ब्रोसो यांनी 1876 साली कवटी, जबडा, कान यांवरून गुन्हेगार ओळखता येतो असं मांडलं. 1913 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंग यांनी हजारो कैद्यांची मोजमापं घेतली, तेव्हा तसा कुठलाही शारीरिक नमुना सापडला नाही. पण आजही बाळाच्या चेहऱ्यात 'लक्षणं' शोधणारे नातेवाईक भेटतातच.

या जोडप्याला मी डेन्मार्कमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं, कारण तो नेमका त्यांच्याच प्रश्नाचा होता. सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी 14,427 दत्तकविधानांच्या नोंदी तपासून 1984 मध्ये निष्कर्ष छापले. ना जन्मदात्यांना शिक्षा झालेली, ना दत्तक पालकांना, अशा मुलग्यांपैकी 13.5 टक्के पुढे दोषी ठरले होते. फक्त जन्मदात्यांपैकी कुणाला शिक्षा झालेली असेल, तर 20 टक्के.

"म्हणजे फरक आहेच," वडील म्हणाले. आहेच. पण आता उरलेल्या ऐंशींकडे बघा, म्हटलं. जन्मदात्याला शिक्षा झालेली असूनही शंभरातले ऐंशी मुलगे कधीच दोषी ठरले नाहीत. शिवाय हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत नाही. आणि हे सगळं वाईटात वाईट धरून! तुमच्या मुलाच्या जन्मदात्यांबद्दल तर तुम्हाला काहीच ठाऊक नाही. जे वाटतंय ते तुमच्या भीतीने रचलेलं आहे.

वडिलांनी वाचलेलं जनुक म्हणजे बहुधा एमएओए, मेंदूतली काही संदेशवाहक रसायनं मोडणाऱ्या विकराचं जनुक. त्यावरचा गाजलेला अभ्यास न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा, 2002 सालचा. या जनुकाचा कमी सक्रिय प्रकार असलेल्या आणि लहानपणी छळ सोसलेल्या मुलांमध्ये पुढे समाजविघातक वागणं जास्त आढळलं. जनुक तेच, पण छळ झालेला नाही, अशा मुलांमध्ये तसं दिसलं नाही. बीज आणि जमीन वेगळी काढता येत नाहीत, ती अशी.

मग मी वडिलांना सहज विचारलं, लहानपणी तुम्ही कधी घरातले पैसे घेतले होते का? ते हसले. वडिलांच्या खिशातून घ्यायचे, म्हणाले. घरात तो किस्सा अजून रंगवून सांगतात. आईने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोलले. पैसे वर्गातल्या मुलांना खाऊ देण्यात जात होते. "दिलं की ते खेळायला घेतात." घरी रोज दप्तर तपासलं जात होतं, त्यामुळे तो आता कमी गुणांचे पेपरही लपवू लागला होता. "मला राग आला की आई माझ्या हाताकडे बघते," हेही तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र मला खटकली. त्याला जागेवर बसवत नव्हतं, वाक्य पूर्ण होण्याआधी तो उत्तर देत होता, आणि शाळेच्या तक्रारीही पहिलीपासूनच्या होत्या. बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, अवधानदोष आणि अतिचंचलता (एडीएचडी) निघाली. इथे जीवशास्त्र खरोखर उपयोगी पडलं. मोह झाला की हात थांबत नाही, याला कारण होतं आणि त्यावर उपचारही होते. आजी ज्याला रक्त म्हणत होत्या, त्यातला एवढा भाग खरा असू शकतो.

दप्तराची झडती बंद केली. पर्स कपाटात ठेवायची, उघड्यावर नाही. चोरी उघडकीस आली तर चौकशीचा तमाशा न करता ठरलेल्या खाऊच्या पैशांतून परतफेड. "खरं सांग" असा सापळा लावायचा नाही. ठाऊक असेल तर सरळ सांगायचं, पैसे तू घेतलेस, कसे परत करणार? वर्गशिक्षिकांशी मैत्रीच्या अडचणीबद्दल बोलायचं, दत्तकाचा विषय तिथे काढायची गरज नाही. आणि 'कुणाचं पोर' ही भाषा मुलाच्या कानावर जाऊ द्यायची नाही. हे आजींना समजावण्याचं काम वडिलांकडे दिलं, सुनेने ते करणं कठीण होतं.

काही महिन्यांनी पुन्हा एकदा पैसे गेले. या वेळी मुलाने दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं, तरी आईचा फोन आलाच: आता घाबरायचं का? प्राण्यांना मुद्दाम इजा करणं, आग लावणं, धाकट्यांना वारंवार मारणं, दुसऱ्याला दुखावल्याचं काहीच न वाटणं, असं दिसलं तर दत्तक असो वा पोटचं, लगेच घेऊन या, असं तिला सांगितलं. यातलं काहीच नव्हतं. पुढची भेट आम्ही एका महिन्याऐवजी दोन महिन्यांनी ठेवली.