मोटरचे अँपिअर आणि खरी खाल्लेली वीज

शिरोळ तालुक्यातील एका ऊस उत्पादकाने विचारले आहे: "पंचगंगेवरच्या 5 एचपी थ्री फेज मोटरला टाँगटेस्टर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारे मीटर) 8 अँपिअर दाखवतो, व्होल्टेज 400. वायरमनने 1.732 × 400 × 8 करून साडेपाच किलोवॅट सांगितले. 5 एचपी म्हणजे तर 3.73 किलोवॅट. मोटर रिवाइंड करायची का?"

या आकड्यांवरून तरी रिवाइंडिंगला पैसे घालू नका. वायरमनचा गुणाकार बरोबर आहे, पण अर्धाच.

एसी लाइनमध्ये व्होल्टेज आणि करंट सेकंदाला 50 फेऱ्या करतात. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, त्यामुळे प्रत्येक फेजमध्ये काही क्षण वीज उलट लाइनकडे जाते. मीटरवर पडते ती येण्या-जाण्याचा हिशेब होऊन उरलेली सरासरी. म्हणून त्या साडेपाचला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला खरा वापरला जाणारा हिस्सा सांगणाऱ्या आकड्याने, गुणायचे. नेमका आकडा मोटरच्या प्लेटवर असतो. पूर्ण लोडला 0.8 धरला तर 4.43 किलोवॅट, म्हणजे तासाला साधारण साडेचार युनिट. त्यातले 3.73 शाफ्टवर मिळतात, बाकीचे वाइंडिंगची उष्णता आणि घर्षणात जातात. इतके जायचेच.

टाँगटेस्टरच्या जबड्यात एका वेळी एकच वायर घ्या. तिन्ही एकदम धरल्या तर काटा शून्याजवळच राहतो. तिन्ही फेज वेगवेगळे मोजा. एखाद्यात फरक मोठा असेल तर आधी डीपीचा फ्यूज आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट बघा.

मला खरी काळजी आहे ती कमी व्होल्टेजची. उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होऊन व्होल्टेज 340 वर आले, तर तेवढेच पाणी उचलायला करंट साडेनऊच्या घरात जातो. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. अशा वेळी मोटर बंद ठेवा. उसाची पाळी एक दिवस पुढे गेलेली चालते.

5 एचपीला 2 केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरच्या क्षमतेचे माप) कॅपॅसिटर जरूर बसवा. ती ये-जा करणारी वीज बरीचशी तो मोटरजवळच पुरवतो, म्हणून लाइनचा करंट 8 वरून पावणेसातपर्यंत उतरतो, नदीपासूनच्या लांब केबलमधला तोटा सुमारे 30 टक्के कमी होतो. कॅपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) पुढे, मोटरच्या बाजूला जोडला असेल तर रिलेही त्या उतरलेल्या करंटवर सेट करून घ्या, नाहीतर मोटर जळेपर्यंत तो पडणार नाही. आणि मोटर बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरवल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका.