वाचकांचे प्रश्न : पूलच्या क्यूवरील जडावकाम

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत असून त्याला पूल हा बिलियर्डसारखा टेबलावरचा खेळ खेळण्याचा नाद लागला आहे. तिकडे कारागिराकडून खास बनवून घेतलेल्या, शिंपल्याचे आणि चांदीचे जडावकाम असलेल्या क्यूंसाठी, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्यांसाठी, काही हजार डॉलर मोजले जातात, असे तो सांगतो. यंत्रावर असे नक्षीकाम सहज होत असताना यात कारागिरी नेमकी कोणती आणि ती ओळखायची कशी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्षी किती दाट आहे यावरून क्यूची पारख करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक लाकूड दुसऱ्या लाकडाला कसे मिळवले आहे, ते आधी पाहावे. क्यूच्या मुठीच्या पुढे, फिकट मेपलमध्ये आबनूस किंवा शिसवीची निमुळती टोके चढत गेलेली दिसतात. त्यांना खेळाडू ‘पॉइंट’ म्हणतात आणि बहुधा ते चार असतात. जुन्या पद्धतीत हे पॉइंट पृष्ठभागावर जडवलेले नसतात. मेपलच्या दांड्यात ‘व्ही’ आकाराच्या, पुढे पुढे उथळ होत जाणाऱ्या खाचा पाडून त्यांत गडद लाकडाच्या चौकोनी कांड्या चिकटवतात, कांड्यांच्या दोन बाजूंना रंगीत व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्यांचे, पातळ थर आधीच लावलेले असतात, आणि मग सबंध दांडा लेथवर (लाकूड फिरवत तासण्याच्या यंत्रावर) उतरवत नेला की पॉइंट आपोआप उघडे पडतात. असे पॉइंट सुईसारखे अणकुचीदार असतात. मात्र खाचेचा उतार इतका मंद असतो की खोलीत केसभर फरक पडला, किंवा लेथवर दांड्याचा मध्य जरासा ढळला, तरी टोक काही मिलिमीटर पुढेमागे सरकते. म्हणून क्यू हातात हळूहळू फिरवून चारही टोके एका रेषेत येतात का आणि व्हिनिअरचे रंग टोकापाशी एकमेकांना नेमके भिडतात का, हे आपल्या मुलाने पाहावे.

जडवलेल्या नक्षीची तपासणी वेगळी असते. नमुन्यावरून नक्षी कोरणारा पॅंटोग्राफ असो वा संगणकावर चालणारे यंत्र, त्याचे पाते गोल फिरत असल्याने कोरलेल्या घराचा आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही, तो पात्याच्या जाडीप्रमाणे गोलसर राहतो. बरेच कारागीर शिंपल्याच्या तुकड्याचे टोकही तेवढेच गोल करून काम भागवतात, आणि त्यात फसवणूक काही नाही. पण जो कारागीर पटाशीने एकेक कोपरा साफ करून त्यात टोकदार तुकडा बसवतो, त्याच्या कामाला जास्त पैसे पडणे योग्यच आहे. तुकड्याभोवतीची फट काळ्या आबनुसात रंगवलेल्या गोंदाने सहज लपते, मेपलमध्ये ती लपत नाही. तेव्हा भिंग लावायचे ते फिकट लाकडातील नक्षीवर. शिवाय लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते आणि आक्रसते, शिंपला आणि चांदी मात्र जागच्या जागी राहतात. यामुळेच चांगले कारागीर दांडा एका दमात न उतरवता थोडा थोडा उतरवून मध्ये महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. ही घाई ज्याने केली असेल त्याच्या क्यूवर बोट फिरवले असता, वरच्या चकचकीत लेपाखालूनही नक्षीची कड हाताला लागते.

हे सगळे सांगितल्यावर ज्यांचे नाव घ्यावेच लागते ते जॉर्ज बालाबुश्का. 1912 मध्ये रशियात जन्मलेले आणि 1924 मध्ये अमेरिकेत आलेले हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1959 पासून 1975 मधील मृत्यूपर्यंत क्यू बनवत होते, आणि संग्राहकांमध्ये त्यांच्या क्यूंना आजही मोठी मागणी आहे. गंमत अशी की, पॉइंट बसवलेले दांडे ते बव्हंशी इतरांकडून घेत असत: आधी ब्रन्सविक कंपनीचे, पुढे बर्टन स्पेन आणि नंतर गस झाम्बोटी या कारागिरांचे. त्यांची नक्षीही आजच्या मानाने बेताचीच, शिंपल्याचे काही ठिपके आणि चौकटी एवढीच असते. तोल, क्यूच्या पुढच्या आणि मागच्या दांड्यांच्या जोडाचा घट्टपणा, मुठीवरच्या आयरिश लिननचा दाबून बसवलेला वेढा आणि थांबायचे कुठे याची जाण, हे त्यांचे स्वतःचे होते. (1986 च्या एका हॉलिवूडपटात त्यांच्या नावाने मिरवलेली क्यू प्रत्यक्षात जॉस कंपनीची होती.) याच्या अगदी उलट, कॅलिफोर्नियातील एर्नी गुटिएरेझ यांच्या ‘जिनाक्यू’ नावाच्या क्यू भरगच्च जडावकामासाठी नावाजल्या गेल्या. माझी आवड पहिल्या प्रकाराकडे झुकते, पण ती केवळ आवड आहे.

प्रश्न : जडावकामाने खेळ सुधारतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. चेंडूला लागतो तो पुढच्या दांड्याच्या टोकाचा चामड्याचा गोळा, आणि फटक्याचा अंदाज येतो तो त्या दांड्याच्या लवचीकपणातून. धातूची कडी फार झाली तर तोल मात्र बदलतो.

प्रश्न : न्यूजर्सीतील माझ्या मेहुण्यांकडे हस्तिदंती जडावकामाची 1970 च्या सुमाराची क्यू आहे. ती ते मला भेट म्हणून भारतात आणू इच्छितात. आणावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आणू नये. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदीचा निर्णय 1989 मध्ये झाला, भारतात वन्यजीव संरक्षण कायदा त्याहून कडक आहे, आणि भेटवस्तू असल्याच्या कारणावरून सीमाशुल्क अधिकारी ती सोडून देतील, अशी अपेक्षा धरू नये. अमेरिकेतही शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना जी सवलत आहे, तिच्यात ही क्यू बसत नाही. आधी तो हस्तिदंतच आहे का, हे मेहुण्यांनी जाणकाराला दाखवावे, कारण त्या काळी हाडाचा वापरही होत असे. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत असतो, आणि बारीक काळपट छिद्रे दिसली तर ते हाड असते. मात्र क्यूवर जडवलेल्या छोट्या तुकड्यात ही जाळी बहुधा दिसत नाही. पुढच्या दांड्याच्या टोकावरची पांढरी टोपी हस्तिदंती असेल, तर चामड्याचा गोळा बदलताना तिच्या उघड्या पडलेल्या तोंडावर ही जाळी पाहावी.