पेपर ‘वाचला’ की पेपरात ‘आलं’: जपानीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत की जपानी भाषेच्या एन-फोर परीक्षेसाठी वर्तमानपत्राचे कोणते शब्द पाठ करावेत, आणि जपानी मथळे डोक्यावरून का जातात.

शब्द फार नाहीत. शिंबुन म्हणजे वर्तमानपत्र, किजि म्हणजे बातमी किंवा लेख, मिदाशि मथळा, शासेत्सु अग्रलेख, किशा बातमीदार. सकाळची आवृत्ती चोऽकान, संध्याकाळची यूऽकान. एका बैठकीत होतील. खरं अडखळतो ते प्रत्ययांवर.

आपण ‘पेपरात वाचलं’ म्हणतो आणि ‘पेपरात आलंय’ही म्हणतो, दोन्हीकडे ‘-त’च. जपानीत पहिल्याला ‘दे’, दुसऱ्याला ‘नि’: ‘शिंबुन दे योन्दा’, पण ‘शिंबुन नि नोत्ते इमास’. मी कितीतरी दिवस सगळीकडे ‘नि’ ठोकत होतो. आणि ‘आलंय’ म्हणून कुरु (येणं) लावू नका. छापून येणं म्हणजे नोरु. गाडीत बसण्याच्या नोरुसारखाच उच्चार, कान्जि (चिनी चित्राक्षर) वेगळी.

घरी पेपर लावणं म्हणजे तोरु. ‘आम्ही पेपर लावलाय’ याला ‘शिंबुन ओ तोत्ते इमास’. बंद केला तर यामेरु. स्टेशनवर सुटा विकत घेतलात तर साधं काउ, आणि एक प्रत म्हणजे इचिबु.

शिंबुन आणि शिंबुनशि यांत गल्लत नको. दुसरा शब्द नुसत्या कागदाचा, म्हणजे काचसामान गुंडाळायला किंवा कपाटात अंथरायला लागतो तो. रद्दी झाली की फुरुशिंबुन. तिकडचा रद्दीवाला ट्रकवर भोंगा लावून फिरायचा आणि पैशांऐवजी टॉयलेट पेपर द्यायचा! त्याला चिरिगामि कोऽकान म्हणतात.

आता मथळे. इथे मराठी माणसाला खरं तर घाबरायचं कारण नाही. ‘पंतप्रधान उद्या पुण्यात’ यात क्रियापद कुठे आहे? ‘शुशोऽ, होऽइन ए’ हे तसंच: पंतप्रधान भारतभेटीवर जाणार. शेवटचा ‘ए’ (लिहिताना ‘हे’) दिसला की गोष्ट अजून व्हायची आहे असं समजा. शेवटी ‘का’ असेल तर बातमी पक्की नाही.

गोंधळ होतो तो देशांच्या एकाक्षरी नावांनी. अमेरिकेसाठी तांदळाची कान्जि, उच्चार बेइ. भारतासाठी शिक्क्याची, उच्चार इन. वरच्या होऽइनमधला इन तोच. निचि-इन म्हणजे जपान-भारत. पहिल्यांदा ‘तांदूळ’ वाचून मी शेतीची बातमी समजलो होतो.

एक गमतीचा शब्द सानमेन किजि, शब्दशः ‘तिसऱ्या पानावरची बातमी’. मेइजि काळात (१८६८ ते १९१२) पेपर चार पानी असत आणि गुन्हे, भानगडी तिसऱ्या पानावर. पानं वाढली, नाव तेच राहिलं. आपलं ‘पेज थ्री’ मात्र पार्ट्यांचं, तेव्हा अर्थाची सरमिसळ करू नका.

वाचायला ‘असाहि शोऽगाकुसेइ शिंबुन’ घ्या. शाळकरी मुलांचा आहे म्हणून लाजू नका, त्यात कान्जींवर फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, असतो.